‘पीरियड करेक्ट’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: हॉट रॉड गाड्या)

शब्दखोर
मंडळी, अडलेय. जुन्या अमेरिकन गाड्यांवरच्या एका मालिकेची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय हॉट रॉड. म्हणजे १९३०च्या आसपासची फोर्ड घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, टप खाली आणायचा, दणकट इंजिन बसवायचं आणि पळवायची. यातली माणसं दर तिसऱ्या वाक्याला ‘पीरियड करेक्ट’ म्हणतात. पहिल्या भागात मी ‘कालोचित’ लिहिलं. तपासनिसांचा शेरा आला: ‘मूळ स्वरूपातील’ करा. केलं. पुढच्याच मिनिटाला पडद्यावरचा बुवा म्हणतो, या गाडीत मूळचं काही म्हणजे काही नाही, पण सगळं पीरियड करेक्ट आहे! आता काय करू? ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा आहे. आणि ‘पीरियड’ तसाच ठेवायला मन धजत नाही. मराठीत पीरियड एक तर शाळेत असतो, नाही तर महिन्याला येतो.

व्युत्पत्तीवेडा
‘कालोचित’ चूकच. समयोचित भाषण, प्रसंगोचित पोशाख यांतल्या ‘उचित’मध्ये ‘असं करणं शोभतं’ असा भाव आहे. तुम्हाला हवंय ते ‘कालविसंगत’च्या उलटं. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसला की आपण कालविसंगती म्हणतो ना? तेव्हा ‘कालसुसंगत’. प्रश्न मिटला.

तेरा_चौदाचा_पाना
मिटला कसा? पेपरात ‘कायद्यात कालसुसंगत बदल’ असं येतं तेव्हा त्याचा अर्थ जुनं काढून आजच्या काळाला धरून नवं करणं. ताईंना हवंय त्याच्या बरोब्बर उलटं. ‘ही कालसुसंगत गाडी’ म्हटलं की मी तर बॅटरीवरची गाडी शोधेन.

व्युत्पत्तीवेडा
पेपरवाल्यांनी शब्द बिघडवला म्हणून तो टाकून द्यायचा का?

तेरा_चौदाचा_पाना
टाकू नका. पण बघणारा तोच पेपर वाचून बसलाय.

डेट्रॉइटकर
मिशिगनमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली बरीच शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने हातात देण्यात गेली. म्हणून थोडं बोलतो. मुळात ‘पीरियड’ कुठला ते ठरवा, शब्द मग येईल. हा काळ गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो नव्हे. ती कुणी, कधी जुळवली असं भासवायचंय, तो काळ.

शेजाऱ्याची गाडी १९३२ची फोर्ड, म्हणजे ‘ड्यूस’. पत्त्यातल्या दुर्रीला म्हणतात तोच शब्द. त्याच वर्षी फोर्डने पहिल्यांदा व्ही-८ इंजिन दिलं, २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. पण याच्याकडे ते नाही. इंजिन १९४८च्या मर्क्युरीचं, म्हणजे फोर्ड कंपनीच्याच दुसऱ्या गाडीचं, २३९ घन इंचांचं, वर स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बुरेटरची जोडी. ब्रेक १९३९चे, कारण फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक त्या वर्षी आले. त्याआधी सगळा कारभार सळयांवर. मागचे दिवेही ३९चे, पाण्याच्या थेंबासारखे. गाडी ३२ची, दिवे ३९चे, इंजिन ४८चं आणि पीरियड १९४९चा! १९४९ साली लॉस एंजेलिसमधल्या एखाद्या पोराला भंगारातून जे मिळालं असतं तेवढंच लावायचं, हा नियम. शेवरलेचं छोटं व्ही-८ लावलं की संपलं, ते १९५५चं. रेडियल टायर नको. अल्टरनेटरही नको, डायनॅमोच पाहिजे.

म्हणून ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘जशीच्या तशी’ सगळं बाद. तो शब्द रिस्टोरेशनवाल्यांचा. हॉट रॉडवाल्याला गाडी मूळ स्वरूपात आहे म्हणालात तर तो चहा विचारणार नाही.

निर्भेळ
माहिती छान, पण ‘रिस्टोरेशन’ला जीर्णोद्धार म्हणता आलं असतं.

तेरा_चौदाचा_पाना
देवळाचा होतो तो.

शब्दखोर
डेट्रॉइटकर, उलगडलं! मग ‘त्या काळाला धरून’ चालेल? बोलण्यातलं आहे, १६ अक्षरांत बसतं. पण नाम करता येत नाही. ‘पीरियड करेक्टनेस’ आला की काय करू?

गिरगावकर_७१
सरळ ‘काळाबरहुकूम’. आमचे वडील ‘नमुन्याबरहुकूम’ म्हणायचे. हुकूम आला की चूक करायची सोय राहत नाही.

निर्भेळ
बरहुकूम फारसी.

गिरगावकर_७१
अहो, मग ‘फक्त’ही अरबी. गप्प बसू का?

डेट्रॉइटकर
अजून एक गोम आहे. नुसता काळ जुळून भागत नाही, गावही जुळावं लागतं. १९४९चीच गाडी, पण दक्षिण कॅलिफोर्नियातली वेगळी आणि कनेक्टिकटमधली वेगळी.

कॅलिफोर्नियावाल्यांची शर्यत मोहावी वाळवंटातल्या कोरड्या सरोवरांवर, म्युरॉक आणि एल मिराज. तिथे १९३७ साली संघटना झाली आणि तिने बरीच वर्षं मुख्यतः रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाच्या गाड्याच घेतल्या. बंद टपाच्या कूपेला दार उघडलं ते १९५०च्या सुमाराला. त्यामुळे तिथला थाट रोडस्टरचा. बॉडी चासीच्या वर, कारखान्याने ठेवली तिथेच. मडगार्ड नाहीत, पुढचं अंग खाली, मागचं वर. याला हायबॉय म्हणतात.

पूर्वेला थंडी, बर्फ, रस्त्यावर मीठ. उघड्या गाडीत कुडकुडायचं कुणी? म्हणून कूपे जास्त. आणि तिकडची खूण म्हणजे चॅनेलिंग. गाडीची पाटी, म्हणजे तळाचा पत्रा कापायचा आणि अख्खी बॉडी चासीवरून खाली घालायची, लेंगा खाली सरकवावा तशी. शेजारी म्हणतो, मिठाने खालचे चार इंच सडलेलेच असायचे, ते असे झाकले जायचे. हे त्याचं मत. न्यूयॉर्कवाला हे ऐकून भांडेल.

म्हणजे चॅनेल केलेल्या कूपेला ‘१९४९ची लॉस एंजेलिसची’ म्हणालात तर वर्ष बरोबर असूनही ती करेक्ट नाही. पैठणीला नागपुरी काठ लावल्यासारखं.

निर्भेळ
मग शब्द आपल्याकडे तयार आहे, मंडळी! ‘देशकालोचित’. आपल्या लोकांनी देश आणि काल कधी वेगळे काढलेच नाहीत. इंग्रजीत नुसता पीरियड आहे, आपल्याकडे दोन्ही एका समासात.

तेरा_चौदाचा_पाना
सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटलं. ‘देशकालौ संकीर्त्य’ म्हणत गुरुजी पळीभर पाणी सोडायला लावतात तसं. एल मिराज सरोवरतीरे, फोर्डगोत्रोत्पन्न.

व्युत्पत्तीवेडा
थट्टा सोडा, शब्द चांगला आहे. पण ‘उचित’वरचा माझा आक्षेप कायम. ‘देशकालसुसंगत’ करा.

शब्दखोर
बुवा गाडीखाली आडवा पडून, तोंडात बीडीसारखा स्क्रू धरून बोलतोय हो. त्याच्या तोंडी देशकालसुसंगत?

गिरगावकर_७१
‘टप’ लिहिलंत ते आवडलं. नाहीतर हल्ली सगळे ‘छत’ लिहितात. छत घराला असतं. टप हे ‘टॉप’चंच रूप ना?

व्युत्पत्तीवेडा
छे! टांग्याला टप होता, छकड्याला होता. मोटार यायच्या कितीतरी आधीपासून.

गिरगावकर_७१
टांग्याआधी इंग्रज आले होते.

तेरा_चौदाचा_पाना
टपावरून आठवलं. ते ‘चॉप’ करतात त्याला आम्ही ‘टप छाटला’ म्हणू, पण काम किती वैतागाचं ते सांगतो. साताऱ्याला वडिलांचं गॅरेज होतं. एका वादळात चिंचेची फांदी पडून एका फियाटचा टप चेपला. मालकाला नवा पत्रा परवडेना. वडील म्हणाले, चारी खांब दोन-दोन इंच कापतो, चेपलेलं निघून जाईल. कापले. टप खाली ठेवला तर खांब खांबाला भेटेनात! खांब वर जाताना आत कलतात, त्यामुळे खालचं तोंड बाहेर, वरचं आत, मध्ये बोटभर फट. मग टप मधून उभा-आडवा चिरून रुंद करावा लागला. तेही जमलं. पुढची काच मात्र बसेना. वडिलांनी ती कापायला घेतली, हिऱ्याची लेखणी टेकवून जरा दाब दिला, आणि काचेचा क्षणात साखरखडा झाला. कडक केलेली काच कापता येत नाही, हे तेव्हा त्यांना कोण सांगणार? मालकाने महिनाभर गाडी गॉगल लावून चालवली.

डेट्रॉइटकर
हाहा. आणि म्हणूनच १९३२ची फोर्ड लाडकी! खांब जवळपास उभे आणि काच सपाट. १९४९च्या मर्क्युरीला हात लावायचा तर तुमच्या वडिलांसारखं सगळं चिरून पुन्हा जुळवावं लागतं. ती कामं सॅम बॅरिससारख्या नामांकित कारागिरांची. सांधे भरायला ते शिसं वापरायचे. शिसं-कथलाची कांडी मऊसर तापवायची आणि लाकडी पट्टीने लोण्यासारखी पसरायची. अशा जड गाड्यांना ‘लेड स्लेड’ म्हणतात, शिशाची घसरगाडी. त्या भरण्याला मराठीत काय?

तेरा_चौदाचा_पाना
लांबी! डेंटरकडे ‘लांबी भरली’ म्हणतात.

व्युत्पत्तीवेडा
लांबी म्हणजे खडू आणि जवसाचं तेल. शिशाला लांबी कसं म्हणणार? हे झाळकाम. किंवा डाख.

तेरा_चौदाचा_पाना
डाख भांड्याला देतात, बारीक भोकाला. इथे हातभर पत्रा भरलाय. खड्डा भरून सपाट केलं की लांबी, मग आत खडू असो की शिसं. आता डबाबंद येते ती तरी कुठे जवसाची असते?

निर्भेळ
मूळ प्रश्न राहिला.

गिरगावकर_७१
राहू दे हो. ‘डिकी’ माहितेय का कुठून आली? जुन्या दोन माणसांच्या गाड्यांना मागे झाकण असायचं, उघडलं की आत उघड्यावर बसायची सीट. इंग्रज तिला डिकी सीट म्हणत. सीट गेली, झाकण राहिलं, आपण सामान ठेवायला लागलो आणि नाव तेच ठेवलं. माझ्या मामांच्या डिकीत मी बसून गेलोय, वरळीपर्यंत. आताच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं मला कुणी पळवून नेलं होतं.

डेट्रॉइटकर
अमेरिकेत तिला रंबल सीट म्हणतात. आणि ताई, ‘हॉट रॉड’ हा शब्दच गमतीचा आहे. तो रुळला दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला. त्याच नावाचं मासिक निघालं जानेवारी १९४८मध्ये. त्याआधी ही पोरं ‘गाउ जॉब’, ‘हॉप अप’ म्हणायची. म्हणजे १९३८च्या थाटातली गाडी बांधून तिला हॉट रॉड म्हणणं हेच पीरियड करेक्ट नाही!

व्युत्पत्तीवेडा
रॉड म्हणजे कनेक्टिंग रॉड, उघड आहे. इंजिन तापतं, रॉड तापतो.

डेट्रॉइटकर
‘हॉट रोडस्टर’चं आखूड रूप असंही म्हणतात. मला तेच पटतं, कारण सुरुवातीला सगळ्या रोडस्टरच होत्या.

व्युत्पत्तीवेडा
पटण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

तेरा_चौदाचा_पाना
तुमची कशावर ठरली?

शब्दखोर
भांडू नका. मी सध्या ‘त्या काळाला धरून’ लिहिलंय आणि जिथे गावाची गोष्ट येते तिथे ‘तिथल्या रीतीची’. तपासनीस काय म्हणतात बघू. ‘पारंपरिक’ सुचवतील अशी भीती आहे, कारण ही माणसं ‘ट्रॅडिशनल’ही म्हणतात. पारंपरिक गाडी म्हटलं की मला पुढे दोन बैल दिसतात.

गिरगावकर_७१
एक विचारू? त्या गाड्यांना पुढचं झाकण नसतं, इंजिन उघडं दिसतं, त्याला काय लिहिलंत? अमेरिकन लोक बॉनेटला हूड म्हणतात आणि आपल्याकडे हूड म्हणजे रिक्षाचं, डोक्यावरचं.

शब्दखोर
अरे देवा. पहिल्या भागात मी ‘टप छाटलेली, हूड नसलेली’ असं लिहून पाठवलंय. चार ठिकाणी.

तेरा_चौदाचा_पाना
म्हणजे टप छाटला आणि मग काढूनच टाकला. वडिलांना आधी सुचायला हवं होतं.

गिरगावकर_७१
बरं, ‘स्टेपनी’ कुठून आली सांगू का? वेल्समध्ये त्या नावाचा रस्ता आहे...