३८ हजारांना 'लूट' म्हणणाऱ्यांनी आधी ती दरी उतरून यावी

सातपुडा_वेडा
परवा एका दादांनी अ‍ॅरिझोनातल्या हवासू धबधब्याबद्दल पोस्ट टाकली. मथळा: 'मूठभर आदिवासींची दादागिरी'. तक्रारी अशा की २०२४ च्या दरानं माणशी ४५५ डॉलर म्हणजे आपले ३८ हजार घेतले, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची परवानगी नाही, तीन रात्रींचं बुकिंग सक्तीचं, ड्रोन बंद, बियर बंद, आणि कोविडात तीन वर्षं फाटकच लावून घेतलं. उपाय काय, तर सरकारनं ती दरी ताब्यात घ्यावी.

दादा, सरकारनं ती एकदा ताब्यात घेऊन झालेली आहे. १८८२ साली तिथल्या हवासुपाई आदिवासींना दरीच्या तळाशी ५१८ एकरांत कोंबलं. हिवाळ्यात ज्या पठारावर ते शिकारीला राहायचे ते हातचं गेलं, आणि १९१९ ला ग्रँड कॅन्यनचं राष्ट्रीय उद्यान झालं. पिढ्यान् पिढ्या भांडल्यावर १९७५ साली १ लाख ८५ हजार एकर परत मिळाले. आता ते पुन्हा काढून घ्यायचे, कारण तुम्हाला बियर नेता आली नाही?

कोविडचं म्हणाल तर मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२३ बंद होतं, खरं आहे. दरीतल्या त्यांच्या सुपाई गावाला रस्ताच नाही. चालत जा, खेचरावर जा, नाहीतर हेलिकॉप्टरनं. टपाल आजही खेचरावरून येतं. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याला नागपुरात, एवढी हॉस्पिटलं उशाशी असताना, बेड मिळत नव्हता. त्यांनी फाटक लावलं तर दादागिरी?

मी जाऊन आलोय. दरीच्या काठावरच्या हिलटॉपच्या पार्किंगमधून पहाटे अंधारात कपाळाला टॉर्च बांधून निघायचं. सुरुवातीलाच नागमोडी उतार, मग कोरड्या ओढ्यातली वाळू आणि रेती. गाव १३ किलोमीटर, कॅम्पग्राउंड धरून १६. मध्ये प्यायच्या पाण्याचा थेंब नाही, सगळं वाळवंट. हवासू साधारण १०० फुटांचा, खालचा मूनी धबधबा त्याच्या दुप्पट. मूनी उतरायला दगडातले बोगदे, साखळ्या, शेवटी शिड्या, आणि सगळं तुषारांनी निथळतंय. वरच्या टोकाला लोकांनी वापरून सोडलेल्या हातमोज्यांचा ढीग असतो, त्यातलाच एक जोड घालून उतरलो. अशा जागी रोज हजार माणसं सोडली तर रोज एक पडेल.

तर्री_वेगळी
इतिहास छान सांगितला भाऊ, डोळे पाणावले. आता पैशाचं बोला. जमीन त्यांची म्हणून वाट्टेल तो भाव? आणि इतके घेऊन देतात काय? जून २०२४ मध्ये तिथून डझनावारी लोक उलट्या-जुलाब घेऊन परत आले. ऑगस्ट २०२४ ला अचानक पूर आला, एका बाईचा जीव गेला, शंभराहून जास्त लोकांना नॅशनल गार्ड या सरकारी सैन्याच्या हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तेव्हा बरं सरकार चालते!

सातपुडा_वेडा
सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आपल्याकडेही लष्कर आलं होतं. म्हणून धरमपेठेतल्या लोकांनी घरं सरकारच्या नावावर करून दिली का?

नंदनवनचा_राजा
वाळवंट वाळवंट काय लावलं आहे? आम्ही ४७ डिग्रीत बर्डीच्या बाजारात शॉपिंग करून राहिलो, डोक्याला दुपट्टा बांधला की झालं. तिथं वॉर्निंगच्या पाट्या वाचून लोक घाबरते. नागपूरकराला उन्हाचं कौतुक सांगू नका.

ट्रेकिंगवाली_ताई
राजाभाऊ, बर्डीवर दर वीस पावलांवर उसाचा रस असतो. तिथं ऊन डोक्यावर येतं तेव्हा तुम्ही परतीच्या चढावर असता, आणि सगळ्यात खडी चढण नेमकी शेवटी. आपल्याकडे दम लागला की खाली उतरता येतं, तिथं दम लागतो तेव्हा गाडी वर उभी असते. मे महिन्यात जिन्यानं सात मजले चढा, मग दुपट्ट्याबद्दल लिहा.

बाकी ३८ हजार महागच आहेत. पण पाण्यासाठी जाणार असाल तर त्याला तोड नाही. ते पावसाचं पाणी नाही, झऱ्याचं आहे, बारमाही, २१ डिग्रीच्या आसपास. चुनखडीतून येतं म्हणून तो निळा-हिरवा रंग, आणि तोच चुना साठून कुंडांना बांध तयार होतात. आपला छिंदवाड्याकडचा कुकडी खापा धबधबा पावसाळ्यात कितीही गाजो, उन्हाळ्यात नुसता दगड.

इतवारीची_मावशी
मले तं हे समजतच नाही बाप्पा. पाठीवर बॅग अन् चालत धबधब्याले जाणं, याले एवढं काय नाव द्याचं? आमी नागपंचमीले नागद्वारीले जातो. पचमढीच्या डोंगरातून भर पावसात, पायात रबरी चप्पल, 'हर बोला हर हर महादेव' करत. लोखंडी शिड्या तिथंबी हायेत, ओल्याकंच, अन् मागं हजार माणसं लायनीत. हातमोजे कोणी देत नाही. ३८ हजारात माह्या अख्ख्या गल्लीची नागद्वारी होते, अन् मंडळाच्या भंडाऱ्यात जेवण फुकट.

तर्री_वेगळी
मावशींनी बरोबर धरलं. सातपुडा_वेडा, एक सरळ प्रश्न. तुमची बॅग तुम्ही नेली की खेचरानं?

सातपुडा_वेडा
त्याचा इथं काय संबंध?

तर्री_वेगळी
म्हणजे खेचरानं! एका खेचरावर चार बॅगा टाकतात, प्रत्येकी साडेचौदा किलोपर्यंत, म्हणजे ५८ किलो, आणि तेही त्याच उन्हात. त्या जनावरांच्या हालांबद्दल तिकडचे प्राणिमित्र वर्षानुवर्षं बोंबलून राहिले. आदिवासींच्या हक्कांवर प्रवचन द्यायचं आणि ओझं मुक्या जनावरावर.

सातपुडा_वेडा
गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे माझं. चाललो मी स्वतःच्या पायांनी, वर-खाली दोन्ही. आणि खेचरं बंद केली तर गावाचं टपाल, किराणा कोण नेणार, तुम्ही?

ट्रेकिंगवाली_ताई
टपालाचं खेचर वेगळं आणि तुमच्या एअर मॅट्रेसचं वेगळं. गुडघा दुखतो तर सामान कमी न्या. मी या बाबतीत तर्रीभाऊंच्या बाजूनं आहे. हे वाक्य परत लिहायला लावू नका.

नंदनवनचा_राजा
नागद्वारीत मंडळाच्या भंडाऱ्याचं तेल, तांदूळ डोंगरात कोण नेते मावशी? मी गेलो होतो आमच्या मंडळासोबत. तिथलेच मजूर डोक्यावर पोती घेऊन चालते. त्याबद्दल कोणी पोस्ट टाकत नाही. माणसानं उचललं तर भक्ती अन् खेचरानं उचललं तर हाल?

इतवारीची_मावशी
त्यायले मजुरी देतो आमी! फुकट नाही नेत. अन् तू कवा गेला होता? तुले तं देनवा नदीपाशीच धाप लागते.

नंदनवनचा_राजा
मावशी पर्सनल नका जाऊ.

सातपुडा_वेडा
नागद्वारीचा विषय निघालाच आहे तर ऐका. तो रस्ता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. वर्षातून नागपंचमीच्या आसपासचे दहाएक दिवस उघडतात, बाकी वर्षभर बंद. त्याला कोणी 'दादागिरी' म्हटल्याचं आठवत नाही. जंगल खात्यानं कुलूप लावलं की आपण हात जोडतो. तिथं राहणाऱ्यानं स्वतःच्या दाराला कडी घातली की पोटात दुखतं. आणि तेवढ्या दिवसांत नागद्वारीतल्या पद्मशेष गुहेच्या वाटेवर आपण जे प्लास्टिक टाकून येतो ते पाहून तीन रात्रींच्या नियमाचं कारण कळायला हवं. हवासूला येणारा माणूस मोजून येतो.

उद्या छिंदवाड्याकडच्या पातालकोट दरीतल्या भारिया आदिवासींनी असेच पैसे मागितले तर? आज आपण तामियाच्या पॉइंटवर उभे राहतो, खाली वाकून फोटो काढतो, कुरकुऱ्याचं पाकीट तिथंच सोडतो. खालच्या गावांना त्यातून काय मिळतं? वरचा चहावाला कमावतो.

तर्री_वेगळी
पातालकोटला ३८ हजार? नाही देणार. ३८० देईन, तेही पावती मिळाली तर. मागच्या वर्षी इथल्याच एका ट्रिपवाल्यानं 'धबधबा कॅम्प'चा अ‍ॅडव्हान्स घेतला आणि आदल्या रात्री फोन बंद. तेव्हापासून जंगलाच्या नावानं कोणी पैसे मागितले की माझा हात खिशातच राहतो.

ट्रेकिंगवाली_ताई
म्हणजे राग त्या ट्रिपवाल्यावर आणि शिव्या हवासुपाईंना. छान.

तर्री_वेगळी
बरं बाई. जमीन त्यांची, फाटक त्यांचं, भाव त्यांचा. सरकारनं ताब्यात घ्यावं हे मी कधी म्हटलंच नव्हतं, ते त्या परवाच्या दादांचं. माझा प्रश्न खेचराचा होता आणि अजून तोच आहे.

सातपुडा_वेडा
तुमच्या खेचराला माझा साष्टांग नमस्कार. पुढच्या वेळी बॅग पाठीवर घेईन आणि गुडघ्याचं बिल तुम्हाला पाठवीन.

इतवारीची_मावशी
ते बिलाचं तुमी पाहा. आमच्या मंडळाची गाडी नागपंचमीच्या आधी निघते, दोन सीट खाली हायेत. राजाले घेणार नाही.