मदत हवी आहे : खिडकीतून डोंगर दिसायला हवा, घर मात्र दिसायला नको

दुपारउन्ह :
ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या घरात राहायला येऊन तीन आठवडे झाले. दिवाणखान्याच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात आणि खरे सांगायचे तर त्यांच्यासाठीच आम्ही हे घर निवडले. परंतु समोरच्या इमारतीतून आमचे घरही तितकेच स्वच्छ दिसत असल्यामुळे सध्या जाड पडदे ओढून, उजेड असतानाच दिवे लावून बसावे लागते. जाळीचा पांढरा पडदा लावून पाहिला. त्यातून डोंगर बाराही महिने धुक्यात असल्यासारखा दिसतो. पडदेवाले रविवारी माप घ्यायला येणार आहेत. उजेड यावा, डोंगर दिसावा आणि कोणाला आतले दिसू नये, असा पडदा कोणता, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मोजपट्टी :
एवढ्या माहितीवर उत्तर देणे कठीण आहे. आपला मजला कितवा, समोरची इमारत किती मजल्यांची आणि किती फुटांवर, पाहणारे वरून पाहतात की खालून, आणि त्रास दिवसा होतो की दिवे लागल्यावर? येऊर दिसतो म्हणजे खिडकी पश्चिमेकडे असणार, तेव्हा चारनंतरच्या उन्हाचाही प्रश्न असेलच.

आरसेमहाल :
इतक्या चौकशीची गरज नाही. काचेला आरशासारखी फिल्म लावून घ्यावी. आमच्याकडे सहा वर्षांपासून आहे. बाहेरच्याला स्वतःचेच तोंड दिसते आणि आपल्याला सगळे दिसते.

मोजपट्टी :
आपण रात्री स्वतःच्या घराबाहेर उभे राहून पाहिले आहे का? एका बाजूनेच दिसणे हा त्या फिल्मचा गुण नसून उजेडाचा आहे. ज्या बाजूला उजेड जास्त, तिकडचे दृश्य दुसऱ्या बाजूच्या माणसाला दिसते. म्हणून दिवस मावळून घरातले दिवे लागले की आरसा आपल्याकडे होतो आणि रस्त्यावरच्याला आपले ताट दिसते. शिवाय उष्णता शोषणारी गडद फिल्म पश्चिमेच्या प्रत्येक काचेला मानवत नाही. काच असमान तापून तडकू शकते.

आरसेमहाल :
आमची काच तडकलेली नाही. रात्री आम्ही पडदा ओढतो, त्यात बिघडले काय?

अंगणवेल :
माझे मत बांबूच्या चिकांना, म्हणजे बारीक पट्ट्यांच्या पडद्यांना आहे. उन्हाळ्यात त्यांच्यावर पाणी शिंपडले की वारा गार येतो आणि पट्ट्यांच्या फटींतून उजेडही झिरपतो.

कुलूपकिल्ली :
ठाण्याच्या पावसाळ्यात त्याच चिकांवर काळी बुरशी येते, आणि बाहेरच्या बाजूने काहीही टांगायला सोसायटीची परवानगी लागते, हेही सांगायला हवे.

पहाटवारा :
आमच्या बाळाला दुपारी झोप लागत नसे. पूर्ण अंधार करणारे, मागे रबराचा थर असलेले पडदे लावल्यापासून ते तीन तास झोपते. आपणही तेच घ्यावेत.

दुपारउन्ह :
आमच्याकडे बाळ नाही, आणि अंधार तर आम्हाला नकोच आहे. मोजपट्टी यांच्यासाठी : आमचा मजला नववा. समोरची इमारत सात मजल्यांची, साधारण चाळीस फुटांवर. तिच्या गच्चीवर संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मंडळी फेऱ्या मारतात, त्रास त्यांचाच आहे. डोंगर त्या गच्चीच्या वर दिसतो. ऊन अर्थातच येते, ते लिहायला हवे होते असे वाटले नाही.

मोजपट्टी :
मग गोष्ट बरीच सोपी आहे, कारण आपल्याकडे पाहणारे सगळे खाली आहेत. खालून वर जाणारी नजर खिडकीतून आत शिरली की चढतच जाते. गच्ची आपल्या फरशीहून एक मजला, म्हणजे दहा फूट खाली आणि गच्चीवरच्या माणसाचे डोळे पाच फुटांवर धरले, तर ते डोळे आपल्या फरशीच्या पाच फूट खाली येतात. आपली खिडकी फरशीपासून साडेचार फुटांपर्यंत झाकली, तर तिच्या वरून येणारी नजर दहा फूट आत पोहोचेपर्यंत जवळजवळ सात फुटांवर जाते. तिथे उभ्या असलेल्या माणसाचे डोकेही तिला सापडत नाही. खिडकीला अगदी खेटून उभे राहिलात तर मात्र चेहरा दिसेल. म्हणून फक्त खालचा भाग दुधी फिल्मने झाकावा. रात्रीही हिशेब हाच राहतो.

उन्हासाठी वरून खाली येणारा रोलर पडदा वेगळा घ्यावा, विणीत पाच टक्के मोकळी जागा असलेला आणि रंगाने गडद करडा. पांढरे कापड उन्हात स्वतःच उजळते आणि पलीकडचे दृश्य पुसून टाकते. गडद कापडातून तुलनेने स्पष्ट दिसते. आपला डोंगर धुक्यात गेला, त्याचे कारण हेच.

कुलूपकिल्ली :
हिशेब मान्य, फिल्म अमान्य. ठाण्यातल्या बहुतेक घरांप्रमाणे खिडकी सरकती असेल, तर वाऱ्यासाठी काच सरकवली की फिल्मही तिच्याबरोबर सरकणार आणि अर्धी खिडकी उघडी पडणार. त्यापेक्षा साडेचार फुटांवर आडवा रॉड टाकून अर्ध्या उंचीचा पडदा लावावा, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून खालूनही एका बारीक रॉडमध्ये ओवून घ्यावा.

दुपारउन्ह :
खिडकी सरकतीच आहे. घर भाड्याचे असल्यामुळे भिंतीला भोके पाडता येत नाहीत, हेही सांगायचे राहिले.

मोजपट्टी :
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. कुलूपकिल्ली यांचा मुद्दा मी स्वीकारतो.

कुलूपकिल्ली :
मग चौकटीत ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्यावा. खिडकी रुंद असेल तर तो मध्ये वाकतो, म्हणून कापड हलके निवडावे. खर्च करण्यापूर्वी एक जुनी साडी त्या उंचीवर दोरीला बांधावी, घरातले दिवे लावावेत आणि रखवालदाराला विचारून स्वतः समोरच्या गच्चीवर जाऊन पाहावे.

दुपारउन्ह :
काल रात्री आठ वाजता जाऊन आलो. गच्चीवरून पंखा, छत आणि आईंनी कपाटावर चढवून ठेवलेली सूटकेस एवढेच दिसले. सोफ्यावर बसलेली माणसे दिसली नाहीत. घरात आल्यावर उभे राहिले की डोंगर पूर्ण दिसतो, बसल्यावर फक्त त्याचा माथा. घरमालकांनी उन्हाच्या पडद्यासाठी वरच्या बाजूला चार स्क्रू मारायला होकार दिला आहे. आता रविवारी खालच्या अर्ध्या पडद्याचे कापड सांगताना रुंदीच्या किती पट घ्यायचे, हे कोणी सांगेल का?

कुलूपकिल्ली :
दीडपट पुरे. दुप्पट घेतले तर चुण्या दाट होतील आणि उजेड अडेल.