गळ टाकायला जोडीने जाणाऱ्या युवकांना शुभवर्तमानातलं काय सांगावं?

प्रश्न (खाडीकाठ_वसई)
आमच्या धर्मग्रामातल्या युवा गटाची १२ मुलं, वय १४ ते १७. शनिवारी सकाळी दोघादोघांच्या सहा जोड्या करून खाडीवर गळ टाकायला न्यायचं ठरतंय. सोबत दोन अनुभवी माणसं असतील. कोळीवाड्यातली मुलं तीनच, बाकीच्यांनी गळ हातात धरलेला नाही. मासेमारी आणि मैत्री यांतून ख्रिस्ती जीवनाचं जे शिकता येतं ते वेगळं प्रवचन न देता, हातातल्या कामातूनच पोचावं अशी इच्छा आहे. कोणते उतारे घ्यावेत? तयारी काय लागेल?

उत्तर १ (पाग_आणि_रापण)
आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. पेत्र आणि त्याचे सोबती जाळ्यावर जगणारे होते. नव्या करारात गळ एकदाच येतो, मत्तय १७:२७ मध्ये, मंदिराच्या पट्टीच्या नाण्यासाठी. बाकी सगळीकडे जाळी आहेत, आणि तीही एका प्रकारची नाहीत. मराठी वाचताना सगळीकडे ‘जाळे’ दिसतं, पण आपल्या किनाऱ्यावर प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. मार्क १:१६ मध्ये शिमोन (म्हणजेच पेत्र) आणि त्याचा भाऊ अंद्रिया टाकतात तो पाग, गोल आणि कडेला वजनं असलेला. मत्तय १३:४७ मधलं जाळं म्हणजे थेट रापण, काठावरून अनेकांनी मिळून ओढायचं लांब जाळं. ती एकट्याने ओढताच येत नाही, आणि तिच्यात चांगलं-वाईट सगळं येतं. निवड काठावर बसून होते. माणसांची निवड आपण ओढतानाच करायला लागतो, तिथे हा दाखला अडवतो.

मैत्रीसाठी लूक ५:१-११ घ्या. होड्या दोन आहेत. जाळं फाटायला लागल्यावर पेत्र दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खुणावतो. मदत मागायला त्याने होडी बुडायची वाट पाहिली नाही, हे मुलांना दाखवा. रात्रभर काही मिळालं नव्हतं. मासेमारी रात्री का, तेही सांगा: तिथली जाळी जवसाच्या धाग्याची (लिननची) असत, दिवसा माशांना दिसत, म्हणून रात्री टाकायची आणि सकाळी धुवायची. ‘खोल पाण्यात जाळी सोडा’ ही येशूची सूचना येते तेव्हा जाळी धुऊन झालेली आहेत. दमलेल्या, जाणकार माणसाला ती उलटीच वाटणार. आज्ञापालन किती जड होतं ते इथे कळतं.

योहान २१ सुद्धा सोडू नका. पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, बाकीचे म्हणतात आम्हीही येतो. एकूण सात जण. खचलेल्या मित्राला त्यांनी उपदेश केला नाही, त्याच्यासोबत होडीत बसले.

उत्तर २ (तंगूस३५)
साहित्य, प्रत्येक जोडीला: ०.३५ मिमी तंगूस (नायलॉनची दोरी) ५० मीटर, लाकडाच्या फिरकीवर गुंडाळलेला. ३० ते ४० ग्रॅम शिसं. शिशाच्या पुढे ३० सेंमी तंगूस आणि एकच गळ, ४ ते ६ नंबरचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे बोटात घुसला तरी सुटतो. आमिष सोललेली कोळंबी, बोटाच्या पेराएवढा तुकडा. मोठा लावला तर बारीक मासे कुरतडून नेतात आणि गळ रिकामा येतो.

गाठ: टोक गळाच्या नेढ्यातून घ्या, मूळ दोरीभोवती ५-६ वेढे द्या, नेढ्याजवळच्या फटीतून परत काढा, थुंकीने ओलं करून सावकाश आवळा. कोरडं आवळलं तर घासून तंगूस कमजोर होतो आणि मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो. एकाने बांधावं, दुसऱ्याने ओढून तपासावं. चूक सांगणं आणि ती ऐकून घेणं, दोन्ही शिकता येतं. उतारा हवाच असेल तर नीतिसूत्रे २७:१७, लोखंड लोखंडाला धार लावतं तसा माणूस आपल्या मित्राला.

वेळ तिथीवरून काढा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरती भरण्याची वेळ. एकादशीला ११ × ¾, सव्वाआठच्या सुमारास. भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने ओढही कमी. सहाला बसा, साडेआठला उठा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, छापील वेळापत्रक पाहून घ्या. पौर्णिमा-अमावास्येजवळ नवख्यांना नेऊ नका. शिसं जागेवर राहत नाही, आणि उधाणाची ओहोटी लागली की काठाचा चिखल पाय धरून ठेवतो.

जोड्यांमध्ये किमान तीन मीटर अंतर. आणि एक नियम पक्का: शेजारच्याच्या गळाला मासा लागला की आपली दोरी ताबडतोब वर घ्यायची. नाही घेतली तर मासा दोन्ही दोऱ्या पिळून टाकतो आणि अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा (रोम १२:१५) हे वचन तिथे हातात येतं, कारण स्वतःचा गळ बाहेर काढल्याशिवाय मित्राचा मासा येत नाही.

शिंगाळा (मिशांचा मासा) आला तर हात लावू नका. पाठीचा एक आणि बाजूंचे दोन काटे विषारी असतात. ओल्या गोणपाटाने दाबून पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे न्या.

उत्तर ३ (जुनी_होडी)
वरच्या दोन्हींशी सहमत. एक धडा मात्र देऊ नका, तो फार जणांच्या तोंडी असतो: ‘तसंच आपण लोकांना प्रभूकडे ओढायचं.’ गळात आमिष असतं, फसवणूक असते, आणि मासा मरतो. लूक ५:१० मध्ये येशू पेत्राला ‘तू माणसं धरशील’ म्हणतो, तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे, अगदी उलट. आपल्याकडे ‘आमिष दाखवून धर्मांतर’ हे शब्द किती सहज फेकले जातात ते या मुलांना शाळेतच ऐकायला मिळतं. मैत्रीत आमिष नसतं, हे त्यांना स्पष्ट सांगा.

मासे मिळणं हा प्रार्थनेचा निकाल असंही होऊ देऊ नका. एखादी जोडी रिकामी उठेल, बहुधा दोन-तीन उठतील. योहान २१:९ मध्ये त्यांचे १५३ मासे काठावर येण्याआधीच विस्तवावर मासळी आणि भाकर तयार आहे. म्हणून न्याहारी आधीच बांधून न्या, आणि मिळालेली मासळी सहाही जोड्यांत सारखी वाटा.

खाडीकाठ_वसई
मनापासून आभार. एकादशीचा शनिवार पंचांगात शोधतो. न्याहारीला भाकरी आणि सुका बोंबील. फिरक्या सहा आहेत, पक्कड एकच होती, आणखी दोन घेतो.

तंगूस३५
गोणपाट विसरू नका. आणि उठताना तंगूसाचे तुकडे वेचून घरी आणा, चिखलात राहिले तर पक्ष्यांच्या पायात अडकतात.