'कुलमुखत्यारपत्र'मधलं 'कुल' नक्की कुठलं?

प्राजक्त
आई ८१ वर्षांची आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, आणि शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेल्यामुळे लाल पेन अजून हातातून सुटलेलं नाही. आमच्या इमारतीचा पुनर्विकास निघालाय. दर आठवड्याला कसला ना कसला कागद येतो, प्रत्येकावर तिची सही लागते आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर. वकिलांनी सुचवलं, तुमच्या नावाने पॉवर (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे तिच्या वतीने सह्या करायचा अधिकार देणारा कागद) करून घ्या.

मसुदा आला. वर ठळक अक्षरांत 'कुलमुखत्यारपत्र'. आईने चष्मा पुसला, मथळा वाचला आणि कागद खाली ठेवला. "कुल म्हणजे सगळं ना? सगळंच तुझ्या हातात दिलं तर मी काय नुसती चहा प्यायला उरले?" मी आपलं ठोकून दिलं, अगं, कुल म्हणजे कुटुंब, कुलदैवतातलं. घरच्या माणसाला दिलेला अधिकार. त्यावर म्हणाली, "कुल कुलदैवतातलं, मग मुखत्यार कुठल्या देवळातला?"

शब्द कळल्याशिवाय सही करणार नाही म्हणते. कोणी सांगेल का?

ढापणी
उत्तर नाही, नुसती गंमत. मी ऑफिसात सांगितलं, "उद्या सुट्टी हवी, आईची पॉवर करायचीय." साहेब म्हणाले, त्याला दिवसभर कशाला, चष्म्याच्या दुकानात अर्ध्या तासात होतं.

वाड्यावरचा
आमच्याकडे सगळे 'कुळमुखत्यार' म्हणतात. कूळ कायद्यातलं कूळ. जमिनीचे व्यवहार करणारा तो कुळमुखत्यार. कुलकर्णीही त्यातलाच.

दस्तुरखुद्द
नाही हो. मी ३५ वर्षं दस्त लिहिले, त्यातली निम्मी साताऱ्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन. 'कुळमुखत्यार' ऐकलंय, काही कागदांत टंकलेलंही पाहिलंय, पण ते चूकच. कुळाशी संबंध नाही, कुलकर्ण्यांशीही नाही. प्राजक्तताई, तुमच्या आईंचा अंदाज बरोबर आहे आणि तुमचा चुकीचा. हे 'कुल' म्हणजे एकूण एक, समग्र. जुन्या इनामपत्रांत 'कुलबाब कुलकानू' येतं ना, सगळ्या बाबी आणि सगळे कर, तेच हे 'कुल'. 'कुल रक्कम' म्हणतो तेही हेच.

मुखत्यार म्हणजे आपल्या वतीने वागायला नेमलेला माणूस. म्हणून कुलमुखत्यार हा सगळ्या कामांचा नेमलेला माणूस. आता गोची पाहा. पक्षकार यायचे, म्हणायचे, फक्त एवढ्या एका प्लॉटच्या विक्रीपुरतं करा. आणि आम्ही शहाणे वर मथळा टाकायचो, 'विशेष कुलमुखत्यारपत्र'. विशेषही आणि कुलही! एकच काम आणि सगळी कामं! उभ्या हयातीत एकाही पक्षकाराने विचारलं नाही. तुमच्या आईंनी विचारलं, त्यांना नमस्कार सांगा.

बडोदेकर
दोन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. 'मुख्तार' म्हणजे निवडलेला. ज्या धातूपासून तो झाला त्यापासूनच 'इख्तियार', म्हणजे निवड, अधिकार. त्याचा आपण 'अखत्यार' केला आणि 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असं रोज म्हणतो. मुख्तारचा 'मुखत्यार' होताना मध्ये 'य' शिरला तो अखत्यारच्या नादाने असावा, असं मला वाटतं. 'आता तुझी खैर नाही'मधली खैर आणि खैरात हीसुद्धा त्याच घरातली भावंडं. सोयरीक म्हणाल तर मुखत्यारची 'मुख'शी नाही, खैरातीशी आहे.

हिंदी-उर्दूत हा घोळ नाही. तिथे 'आम मुख्तारनामा' आणि 'खास मुख्तारनामा', दोन वेगळे शब्द. आम्ही बडोद्यात गुजराती 'कुलमुखत्यारनामुं' ऐकत मोठे झालो. आणि गुजरातीत 'सरमुखत्यार' म्हणजे चक्क हुकूमशहा! तेव्हा आईंना धास्ती वाटली त्यात नवल नाही.

ढापणी
मग वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र यांत फरक काय? अटर्नी म्हणजे वकीलच ना?

दस्तुरखुद्द
अमेरिकन मालिका बघून झालेला समज. इथे मुखत्यार व्हायला सनद लागत नाही. मुलगी, भाचा, शेजारी, कोणीही सज्ञान, शहाणं माणूस चालतं. वकीलपत्र हे खटला चालवायला वकिलाला द्यायचं.

मात्र दोन्ही शब्दांनी जागा बदलल्यात हे खरं. पेशव्यांचा वकील परक्या दरबारात धन्याच्या वतीने बोलायचा, कोर्टात नव्हे. उलट इंग्रजी अमलात 'मुखत्यार' हा कनिष्ठ कोर्टांतल्या कायदेवाल्यांचा एक दर्जा होता. १८७९च्या कायद्यात त्यांची नावानिशी तरतूद आहे.

मांडवीतीर
गोव्यातून. आमच्या आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांत याला पोर्तुगीज नाव, 'प्रोकुरासांव'. ज्याला अधिकार दिला तो 'प्रोकुरादोर'. कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, प्रोकुरादोर तर अजूनही असतो. पणजीत वाढलेल्या माझ्या आत्याला कुलमुखत्यारपत्र म्हटलं तर कळत नाही, प्रोकुरासांव म्हटलं की लगेच विचारते, "कोणाच्या नावाचें?"

अटकेपार
न्यू जर्सीहून लिहितोय. विषय थोडा वळवतो. वडील पुण्यात, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणतात. इथे अमेरिकेत जे 'ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी' मिळतं, त्याला मराठीत काय म्हणतात? टिकाऊ मुखत्यारपत्र?

ढापणी
टिकाऊ म्हटलं की मला प्लास्टिकची बादली आठवते.

दस्तुरखुद्द
अटकेपार, शब्द शोधण्याआधी वस्तू इथे आहे का ते पाहा. नाही. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्याने अधिकार दिला तो वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपली. तुमच्याकडच्या 'ड्युरेबल'चा अर्थच असा की देणाऱ्याची समज गेली तरी कागद चालू राहतो. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला 'लास्टिंग' म्हणतात, तिथे २००५च्या कायद्याने ते आलं. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून शब्दही नाही.

माझ्याकडे किती मुलं यायची, "बाबांना आता काही कळत नाही, म्हणून पॉवर करायचीय." मी हात जोडायचो. कळत नाही 'म्हणून' करता येत नाही, कळतंय 'तोवर' करायची असते. आणि कळतंय तोवर केलेलीही पुढे कळेनासं झालं की संपते. तिच्यावर पुढचे व्यवहार रेटत राहणारे पुष्कळ आहेत. भावंडांत वाद झाला की हेच पहिलं निघतं.

बडोदेकर
शब्दाच्या अंगाने पाहिलं तर हे अगदी चपखल आहे. मुखत्यार म्हणजे निवडलेला. निवडणारा हजर असेपर्यंतच निवडलेल्याला अर्थ.

अटकेपार
चपखल असेल हो, पण मी १२ हजार किलोमीटरवर आहे. मग करायचं काय?

दस्तुरखुद्द
रागावू नका. निदान 'सुरुवात आहे' असं असेल आणि वडिलांना आज व्यवहार नीट समजत असेल, तर आज कागद होऊ शकतो. समजतंय असं डॉक्टरांचं त्याच तारखेचं पत्र जोडा. मसुद्यात आम्ही 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असं लिहितो. लोकांना ती जुनी झालर वाटते, पण सगळा कागद त्या 'अक्कलहुशारी'वर उभा असतो. बाहेर जाणं अवघड असेल तर दुय्यम निबंधकांना अर्ज करून त्यांना घरी बोलावता येतं. १९०८च्या नोंदणी कायद्यात आजारी माणसासाठी ती सोय आहे.

पुढे खरंच काही कळेनासं झालं, तर मार्ग कोर्टाचा. अशा माणसासाठी पालक नेमावा म्हणून उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत.

मांडवीतीर
बापाचा मुलगा पालक! हा शब्द आपण शाळेच्या सभेसाठी राखून ठेवला होता.

अटकेपार
वडिलांना फोनवर विचारलं. म्हणाले, "कर, पण घर विकायचं कलम घालू नकोस." म्हणजे अक्कलहुशारी आहे. ड्युरेबलला मी तात्पुरतं 'अखंडित मुखत्यारपत्र' म्हणतो. 'चिरस्थायी' नको, कारण माणूस गेल्यावर तेही संपतंच.

वाड्यावरचा
'अखंडित' चांगला आहे. कूळ कायदा मागे घेतो. पण आमच्या चुलत्यांनी तर रजिस्टर पॉवरवर प्लॉट विकत घेतला होता, विकणारा वारला तरी सातबारा त्यांच्याच ताब्यात आहे. ते कसं?

दस्तुरखुद्द
ताब्यात असणं आणि नावावर असणं यांत फरक आहे. पॉवरवर घर 'विकत' घ्यायची पद्धत देशभर बोकाळली होती. २०११मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. मुखत्याराने मालकाच्या वतीने रीतसर खरेदीखत करून द्यावं लागतं. चुलत्यांना चांगल्या वकिलाकडे पाठवा, हे माझ्या अखत्यारीतलं नाही.

आणि 'रजिस्टर' या शब्दाबद्दल. दहातले सात जण रजिस्टर म्हणतात तेव्हा त्यांनी नोटरीचा लाल शिक्का घेतलेला असतो. नोटरी वेगळी, दुय्यम निबंधकासमोरची नोंदणी वेगळी. मुखत्याराला पुढे दस्त नोंदवायला न्यायचा असेल तर नुसती नोटरी पुरत नाही. देणारा भारतात राहत असेल तर त्याचं मुखत्यारपत्र निबंधकासमोर झालेलं लागतं.

ढापणी
अजून एक. इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्यात नावापुढे 'तर्फे कु. मु.' असं असतं. माझी मावशी तिरमिरून म्हणाली, "चार नातवंडं झाली आणि मला कुमारी लिहिलंय!"

दस्तुरखुद्द
हा हा. 'तर्फे कुलमुखत्यार'. आणि आता सगळीकडे 'कुलमुखत्यारधारक' लिहितात, ते मला खटकतं. मुखत्यार म्हणजेच तो माणूस. मुखत्यारपत्रधारक म्हणा हवं तर. 'मुखत्यारधारक' म्हणजे माणसाला धरून ठेवणारा माणूस झाला.

बडोदेकर
नावाबद्दल राहून गेलं. 'दस्तुरखुद्द' म्हणजे स्वतःच्या हातचं. मुखत्यारपत्राच्या बरोबर उलट!

दस्तुरखुद्द
म्हणूनच घेतलंय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं.

प्राजक्त
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. सरमुखत्यारवर हसली, खैरातीवर जास्त हसली. मग नवा मसुदा करायला बसलो. वकिलांच्या मसुद्यात २३ कलमं होती आणि शेवटी 'इतर सर्व कामे करणे'. तिने ते शेवटचं आधी खोडलं. बँकेचं काढलं, कारण खात्यावर आम्ही दोघी आहोत आणि बँकेला बँकेचाच छापील फॉर्म हवा असतो. मृत्युपत्राचा विषयच नव्हता, ते मुखत्याराला करता येत नाही. विक्रीचं कलम अर्थातच नाही. उरलं पुनर्विकासाचं: सोसायटीच्या सभा, विकसकाचे करार, पर्यायी जागेचं भाडं, नोंदणी. सहा कलमं. मथळा तिने स्वतः लिहिला, 'मुखत्यारपत्र'. 'अक्कलहुशारी' ठेवायची की नाही यावर दहा मिनिटं गेली. शेवटी म्हणाली, ठेव, या वयात कोणी लेखी देत नाही.

काल निबंधक कार्यालयात जाऊन आलो. घरी बोलावू म्हटलं तर नको म्हणाली, मग खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवली. तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला तो बोटांच्या ठशांत. मशीन तिचा अंगठा घेईना. पुसून झालं, ओला करून झालं, शेजारच्या बाईंनी पर्समधलं क्रीम दिलं. खडूने झिजलाय, आई म्हणाली. पाचव्या वेळी उमटला. मग साहेबांनी मला बाजूला उभं केलं आणि तिला एकटीला विचारलं, "आजी, हे कशाचे कागद आहेत?" तिने सहाही कलमं क्रमाने सांगितली आणि चौथ्या कलमात 'पर्यायी'चा दुसरा यकार टंकताना राहिलाय, तेही.

दस्तुरखुद्द, तुम्ही 'हयातीत' म्हणालात ते तिथेही भेटलं. मी तिच्या वतीने दस्त नोंदवायला जाईन तेव्हा दर वेळी घोषणापत्र द्यावं लागेल: लिहून देणार हयात आहेत आणि सदर मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. आई म्हणाली, "नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी देते, आता वर्षभर तू देत बस."

पावती मात्र जशी यायची तशीच आली. दस्ताचा प्रकार: कुलमुखत्यारपत्र. खिडकीतल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, कॉम्प्युटरात तेवढा एकच पर्याय आहे. रिक्षात बसल्यावर आईने पावती मागून घेतली, पर्समधून पेन काढलं आणि 'कुल'ला गोल केला.