लहान कुत्रं आणलंत? काय जमलं, काय अंगाशी आलं?

ठाण्यात चौथ्या मजल्यावर टू बीएचके. आम्ही दोघं नऊला बाहेर, सातला परत. घरी सासूबाई, वय 72, गुडघे दुखरे. लेकीला पग हवाय, नवऱ्याला बीगल आणि सासूबाईंचा एकच प्रश्न, "केस कोण झाडणार?" ज्यांनी निभावलंय त्यांनी लिहा. गोड फोटो नंतर.

*

नागपूर, पग. हच मोबाईल कंपनीच्या जुन्या जाहिरातीतलं ते ध्यान बघून वेडे झालेल्यांतला मी एक. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं आणि याचं नाकच चपटं, म्हणजे तिथेच गाडी अडते. एकदा मेमध्ये सकाळी साडेनऊला खाली नेला. दहा मिनिटांत जीभ जांभळट, उभा राहीना. पोटावर, पंजांवर पाणी ओतत दवाखाना गाठला. वाचला. आता उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला फेरी, दुसरी थेट रात्री. कूलरसमोरची जागा त्याची, आम्ही मागे. तोंडावरच्या वळ्या रोज पुसाव्या लागतात, नाहीतर वास मारतो. आणि आखूड केस गळत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी काळ्या पँटी घालणं सोडलंय.

*

बीगल नको! मुळात सशामागे सोडायचा शिकारी. एकटा राहिला की भुंकत नाही, गळा काढतो. सोसायटीचे सेक्रेटरी तीनदा येऊन गेले. दोन तास पळवला तर गुणी बाळ. ते दोन तास कोण देणार, हे नवऱ्याकडून आधी वदवून घ्या.

*

कोल्हापूर. आमचा डॅशहुंड सोफ्यावरून उड्या मारायचा, आम्ही हसायचो. पाच वर्षांचा असताना एका सकाळी मागचे पाय ओढत आला. लांब पाठ, मणक्यातली चकती सरकलेली. सहा आठवडे पिंजऱ्यात पडून. आता सोफ्याला फळीचा उतार केलाय, जिन्यावर कडेवर. तुमची लिफ्ट बंद पडते का वरचेवर?

*

पुणे, शिह त्झू. केस फारसे गळत नाहीत, पण आपल्यासारखे वाढत राहतात. रोज पंधरा मिनिटं कंगवा. दोन दिवस चुकलं की कानामागे जटा. फिरणं मात्र बेताचं, आणि मांडीवर तासन् तास.

*

पिल्लूच का? दर दोन तासांनी शू, चावाचावी, हे तुमच्या सासूबाईंच्या वाट्याला येणार. आम्ही सहा वर्षांची ल्हासा अप्सो घेतली, तिचं कुटुंब परदेशी जात होतं. पहिले पंधरा दिवस दाराशी बसून असायची, जेवायची नाही. बघवत नव्हतं. मग एके दिवशी आईच्या पायाशी येऊन झोपली.

*

धागाकर्ती: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बीगल बाद. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद असते, म्हणून डॅशहुंडही बाद. पुणेकर, त्यांनी विचारलंय, कंगवा बारीक दातांचा लागतो की मोठ्या?