मदत हवी आहे: एमडी पॅथॉलॉजी प्रात्यक्षिक, लिम्फोमाचे मार्कर डोक्यात राहत नाहीत

थर्डइयर

नमस्कार. एमडीचं प्रात्यक्षिक तीन आठवड्यांवर आलं आहे. ग्रॉस (नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहणं), सायटॉलॉजी ठीक आहे. घोडं अडतंय ते लिम्फ नोडच्या स्लाइड आणि मुलांमधल्या निळ्या गोल पेशींच्या गाठींवर. लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचा कॅन्सर, ओळखायच्या मार्करचे (पेशींतली, अँटिबॉडीने रंगवून पाहायची प्रथिनं) तक्ते पाठ करावेत तर दोन दिवसांत सीडी५ आणि सीडी१० यांची अदलाबदल होते. नेमके प्रश्न असे:

१) बी-पेशींचे लिम्फोमा: सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) = सीडी५ + सीडी२३, मॅन्टल = सीडी५ + सायक्लिन डी१, फॉलिक्युलर = सीडी१० + बीसीएल२. एवढं पुरे ना? आणि बीसीएल२ पॉझिटिव्ह आला की फॉलिक्युलर लिहून मोकळं व्हायचं ना?

२) लहान मुलाच्या गाठीत सीडी९९ पॉझिटिव्ह म्हणजे युइंग सार्कोमा, असं लिहिलं तर चालेल का?

३) २०२२ मध्ये दोन वेगळी वर्गीकरणं आली. तोंडी परीक्षेत कोणतं सांगायचं?

कव्हरस्लिप

‘बीसीएल२ पॉझिटिव्ह म्हणजे फॉलिक्युलर’ हे वाक्य वहीतून आजच खोडा. सीएलएल, मॅन्टल, मार्जिनल झोन, सगळेच बीसीएल२ पॉझिटिव्ह असतात. त्यांना एकमेकांपासून वेगळं करायला हा मार्कर काही कामाचा नाही. त्याचं काम एकच: समोरची फॉलिकल्स (बी-पेशींचे गोल पुंजके) रिॲक्टिव्ह (संसर्गासारख्या कारणाने वाढलेली) की लिम्फोमाची, हे सांगणं. रिॲक्टिव्ह जर्मिनल सेंटर (फॉलिकलचा मधला भाग) बीसीएल२ निगेटिव्ह असतं, फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक वेळा पॉझिटिव्ह, कारण टी(१४;१८), म्हणजे १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, हिच्यामुळे बीसीएल२ जनुक आयजीएच या अँटिबॉडीच्या जनुकाच्या ताब्यात जातं.

इथेही दोन ठिकाणी पाय घसरतो. मॅन्टल झोन (फॉलिकलभोवतीचं निरोगी कडं), प्रायमरी फॉलिकल आणि टी-पेशी मुळातच बीसीएल२ पॉझिटिव्ह असतात. त्यामुळे जर्मिनल सेंटरमध्ये टी-पेशी जास्त असल्या की फॉलिकल पॉझिटिव्ह असल्याचा भास होतो. सीडी३ ची स्लाइड शेजारी ठेवून पाहा, आणि ते फॉलिकल सीडी१० किंवा बीसीएल६ पॉझिटिव्ह आहे याची आधी खात्री करा. उलट बाजूने, काही फॉलिक्युलर लिम्फोमा, विशेषतः वरच्या ग्रेडचे, बीसीएल२ निगेटिव्ह येतात. काहींमध्ये जनुकातल्या म्युटेशनमुळे अँटिबॉडीचा नेहमीचा १२४ क्लोन चिकटतच नाही आणि ई१७ क्लोन लावल्यावर पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून निगेटिव्ह आला तरी निदान बाद होत नाही.

आणि मार्करआधी ४× वर नोड पाहा. फॉलिकल्स एकमेकांना खेटून, साधारण एकाच मापाची, मॅन्टल पातळ किंवा गायब, टिंजिबल बॉडी मॅक्रोफेज (मेलेल्या पेशींचे तुकडे गिळणाऱ्या पेशी) नाहीत, एका टोकाला फिकट आणि दुसऱ्या टोकाला गडद अशी विभागणी नाही, पेशी कॅप्सूलबाहेरच्या चरबीत शिरलेल्या. एवढं बोललात की परीक्षक स्वतःच बीसीएल२ विचारतो.

ऑइलइमर्शन

तक्ता आडवा पाठ करू नका, जोड्या करा. ‘सीएलएल विरुद्ध मॅन्टल’ ही एक जोडी, एक पान. प्रत्येक मार्करपुढे तीन गोष्टी लिहा: रंग कुठे यायला हवा (मेम्ब्रेन, सायटोप्लाझम की न्यूक्लियस), त्याच स्लाइडवरचा अंतर्गत कंट्रोल कोणता, आणि तो कुठे फसवतो. ही तिसरी गोष्ट लिहिली की सीडी५–सीडी१० ची अदलाबदल थांबते, कारण मग नुसता आकडा न राहता त्याला चेहरा येतो.

नमुन्यादाखल हीच जोडी. सीएलएल: ४× वर गडद पार्श्वभूमीवर फिकट ठिपके, म्हणजे प्रोलिफरेशन सेंटर. सीडी५ आणि सीडी२० दोन्ही फिके. सीडी५ चा कंट्रोल म्हणजे टी-पेशी, त्या गडद. सीडी३ आणि सीडी५ च्या स्लाइड शेजारी ठेवा. सीडी५ वर रंगलेल्या पेशी स्पष्टपणे जास्त दिसल्या तर तो जादा हिस्सा बी-पेशींचा. सीडी२३ वाचताना फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींचं जाळंही रंगतं, ते पाहून ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं नाही. सीएलएलचा आणखी एक मार्कर, लेफ१, न्यूक्लियसमध्ये येतो, पण टी-पेशींतही येतो.

मॅन्टल: एकसारख्या पेशी, न्यूक्लियस किंचित वेडावाकडा, हायलिनाइज्ड रक्तवाहिन्या, मधूनमधून गुलाबी हिस्टिओसाइट. मोठ्या पेशी आणि प्रोलिफरेशन सेंटर दोन्ही नाहीत. टी(११;१४), म्हणून सायक्लिन डी१ न्यूक्लियसमध्ये. एंडोथेलियम आणि हिस्टिओसाइटचे न्यूक्लियस रंगले नसतील तर स्लाइडच बाद, मॅन्टल बाद नाही. सायक्लिन डी१ निगेटिव्ह मॅन्टलही असतो, तिथे सॉक्स११ उपयोगी. उलट, काही सीएलएलच्या प्रोलिफरेशन सेंटरमध्ये सायक्लिन डी१ फिका दिसतो, पण सॉक्स११ निगेटिव्ह राहतो. हेअरी सेल ल्युकेमिया आणि मायलोमातही सायक्लिन डी१ येऊ शकतो हे विसरू नका.

मार्जिनल झोनला स्वतःची ठळक ओळख नाही. सीडी५, सीडी१० आणि सायक्लिन डी१ निगेटिव्ह, बाकीचे वगळून उरतो तो.

थर्डइयर

खूप उपयोगी. सीएलएलचं रक्त समोर आलं तर ५,००० हा आकडा एकूण लिम्फोसाइटचा धरायचा ना?

ऑइलइमर्शन

नाही, आणि बरेच जण नेमके इथेच चुकतात. ५×१०⁹ प्रति लिटर, म्हणजे मायक्रोलिटरला ५,०००, हा आकडा मोनोक्लोनल बी-पेशींचा आहे आणि तो किमान ३ महिने टिकायला हवा. त्याहून कमी असून नोड, प्लीहा वाढलेली नसेल, सायटोपेनिया (रक्तपेशी कमी होणं) काहीच नसेल तर मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस. कमी असून नोड वाढलेले असतील तर एसएलएल, म्हणजे त्याच आजाराचं नोडमधलं रूप.

फ्लो सायटोमेट्रीचा (रक्तातल्या पेशींचे मार्कर यंत्रावर मोजणं) प्रश्न आला तर मॅट्युटेस स्कोअर: सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ पॉझिटिव्ह, एफएमसी७ निगेटिव्ह, सरफेस इम्युनोग्लोब्युलिन फिकं, सीडी७९बी किंवा सीडी२२ फिकं वा निगेटिव्ह. प्रत्येकी १ गुण. ४–५ असेल तर सीएलएल, ०–२ असेल तर दुसरं काही, ३ असेल तर सॉक्स११ आणि टी(११;१४) तपासल्याशिवाय मत देऊ नका. सीडी२०० सीएलएलमध्ये पॉझिटिव्ह, मॅन्टलमध्ये सहसा निगेटिव्ह. त्या ३ वाल्या केसमध्ये हा फार कामाला येतो.

स्मिअरवर स्मज पेशी (काचेवर फुटून पसरलेल्या) इतक्या असल्या की डिफरेन्शियल (पेशीप्रकारांची मोजणी) चुकतो. रक्तात थोडं अल्ब्युमिन मिसळून पुन्हा स्मिअर काढला की त्या कमी होतात. छोटी गोष्ट आहे, पण तोंडीला हमखास विचारतात.

पॅराफिन

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नुसतं ‘सीडी९९ पॉझिटिव्ह = युइंग’ लिहिलंत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा (लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचंच गाठीचं रूप) सीडी९९ पॉझिटिव्ह असतो, एफएलआय१ सुद्धा. त्यात एलसीए (म्हणजेच सीडी४५) निगेटिव्ह येऊ शकतो, सीडी२० ही. म्हणजे एलसीए, सीडी२०, सीडी९९ एवढंच पॅनेल लावलं तर ल्युकेमियाच्या मुलाला सार्कोमाचा रिपोर्ट जातो. टीडीटी (अपरिपक्व लिम्फोसाइटचा मार्कर) हवाच, सोबत पॅक्स५ किंवा सीडी७९ए आणि सीडी३.

युइंगचा सीडी९९ सर्व पेशींवर, मेम्ब्रेनला, कुंपण घातल्यासारखा दाट. फिका, तुरळक किंवा सायटोप्लाझममध्ये असेल तर तो मोजू नका. जोडीला एनकेएक्स२.२ न्यूक्लियसमध्ये. पीएएस स्टेनवर पॉझिटिव्ह आणि डायस्टेज एन्झाइमने नाहीसं होणारं ग्लायकोजन सांगा, पण त्याच्या जोरावर निदान करू नका; ते रॅब्डोमायोसार्कोमातही (स्नायूच्या वळणाचा सार्कोमा) मिळतं.

पहिलं पॅनेल लहान ठेवा: सीडी९९, एनकेएक्स२.२, टीडीटी, एलसीए, डेस्मिन (स्नायूचा मार्कर), सिनॅप्टोफिझिन (चेतापेशींच्या वळणाचा). डेस्मिन आला की मायोजेनिन आणि मायोडी१, दोन्ही न्यूक्लियसमध्येच वाचायचे. मायोजेनिन जवळजवळ सगळ्या पेशींत असेल तर रॅब्डोमायोसार्कोमाच्या अल्व्हिओलर प्रकाराकडे कल, मग फॉक्सओ१ तपासा: टी(२;१३) किंवा टी(१;१३). डेस्मिन न्यूक्लियसशेजारी ठिपक्यासारखा आणि सोबत केराटिनही पॉझिटिव्ह असेल तर डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर. न्यूरोब्लास्टोमा सीडी९९ निगेटिव्ह, फॉक्स२बी पॉझिटिव्ह. (हा पी-एच वाला फॉक्स, वरचा एफ-ओ वाला. देवनागरीत दोघे सख्खे भाऊ वाटतात.)

आता परीक्षकाचा आवडता सापळा. युइंग टी(११;२२) आणि डेस्मोप्लास्टिकही टी(११;२२). फरक अकराव्या गुणसूत्रावर कुठे तुटलं याचा (क्यू म्हणजे लांब भुजा, पी म्हणजे आखूड): युइंगमध्ये ११क्यू२४, तिथे एफएलआय१, डेस्मोप्लास्टिकमध्ये ११पी१३, तिथे डब्ल्यूटी१. बाविसावर दोन्हीकडे ईडब्ल्यूएसआर१ च. म्हणून ब्रेक-अपार्ट प्रोबने फिश (जनुकावर चमकणारे प्रोब लावून पाहणं) केलं तर दोन्हीत सिग्नल फुटलेला दिसतो, क्लिअर सेल सार्कोमातही फुटतो. नुसतं ‘ईडब्ल्यूएसआर१ फुटलं’ म्हणजे युइंग सिद्ध झालं नाही. डब्ल्यूटी१ मागवताना सी-टर्मिनल अँटिबॉडी मागा. फ्यूजनमध्ये डब्ल्यूटी१ चं शेपूट तेवढं उरतं. एन-टर्मिनल लावली तर निगेटिव्ह येणारच.

थर्डइयर

हे पी-क्यू आजवर कधी वाचलंच नव्हतं. हॉजकिनबद्दलही कुणी सांगेल का? ग्रॅन्युलोमा असलेल्या नोडमध्ये गोंधळ उडतो.

कव्हरस्लिप

आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की हात आपोआप टीबी लिहितो. हॉजकिनमध्येही एपिथेलिओइड ग्रॅन्युलोमा असतात, तेव्हा ग्रॅन्युलोमांच्या मधला भाग ४० × वर पाहा. इओसिनोफिल्स आणि त्यांच्यात एकटीदुकटी मोठ्या न्यूक्लिओलसची पेशी सापडली तर थांबा. झेडएन (टीबीच्या जंतूंचा स्टेन) निगेटिव्ह असणं कोणत्याच बाजूचा पुरावा नाही.

क्लासिक हॉजकिनची पेशी: सीडी३० मेम्ब्रेनला आणि गॉल्जीच्या जागी ठिपका, सीडी१५ तसाच (पण काही केसमध्ये निगेटिव्ह), पॅक्स५ शेजारच्या छोट्या बी-पेशींपेक्षा फिका, सीडी४५ निगेटिव्ह. सीडी१५ चा कंट्रोल ग्रॅन्युलोसाइट. सीडी४५ वाचताना भोवतीच्या लिम्फोसाइटची कड मोठ्या पेशीची समजू नका, एकाकी पडलेली पेशी शोधा.

नोड्युलर लिम्फोसाइट प्रीडॉमिनंट बरोबर उलटा: सीडी२०, सीडी४५, ऑक्ट२, बॉब१ पॉझिटिव्ह, सीडी३० आणि सीडी१५ सहसा निगेटिव्ह, भोवती पीडी१ पॉझिटिव्ह टी-पेशींचं कडं. इन्फेक्शिअस मोनोन्यूक्लिओसिसमधले इम्युनोब्लास्ट सीडी३० पॉझिटिव्ह असतात, ईबीईआरही (एपस्टाइन-बार व्हायरसची खूण) येतो. पण ते सीडी४५ पॉझिटिव्ह आणि सीडी१५ निगेटिव्ह, आणि ईबीईआर लहानमोठ्या सगळ्या पेशींत विखुरलेला.

पॅराफिन

तिसरा प्रश्न राहिला. डब्ल्यूएचओची पाचवी आवृत्ती आणि आयसीसी (इंटरनॅशनल कन्सेन्सस क्लासिफिकेशन), कोणतंही सांगा, पण कोणतं वापरताय हे पहिल्या वाक्यात सांगा. दोन्ही मिसळलेलं उत्तर सगळ्यात वाईट. फरक विचारले जाण्याजोगे तीनच. फॉलिक्युलर: आयसीसीत ग्रेड १–२, ३ए, ३बी कायम (हाय-पॉवर फील्डमागे १५ पेक्षा जास्त सेंट्रोब्लास्ट म्हणजे ग्रेड ३), डब्ल्यूएचओत क्लासिक प्रकाराला ग्रेड देणं ऐच्छिक, आणि ३बी ला फॉलिक्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा हे नाव. नोड्युलर लिम्फोसाइट प्रीडॉमिनंट: आयसीसीने ‘हॉजकिन’ शब्द काढून ‘बी-सेल लिम्फोमा’ केलं, डब्ल्यूएचओने हॉजकिन ठेवलं. एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया): ठरावीक जनुकीय बदल असल्यास डब्ल्यूएचओला २० टक्के ब्लास्टची अट नाही (बीसीआर–एबीएल१ आणि सीईबीपीए सोडून), आयसीसीला त्यातल्या बहुतेकांत १० टक्के लागतात.

थर्डइयर

आभार. शेवटचं एक: मॅरो ट्रेफाइनच्या (मज्जेसकट काढलेला हाडाचा तुकडा) ब्लॉकवर फिश फसण्याचं कारण विचारलं तर?

ऑइलइमर्शन

डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे कापता यावं म्हणून हाडातलं कॅल्शियम काढणं. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिकसारख्या तीव्र ॲसिडने डीएनए तुटतो. एचअँडई (नेहमीचा स्टेन) छान दिसतं, फिश आणि पीसीआर मात्र बसत नाही, काही आयएचसीही (अँटिबॉडीने रंगवलेले मार्कर) फिके पडतात. ईडीटीएने डीएनए टिकतो, पण वेळ जास्त लागतो. हाडातल्या संशयित युइंगमध्ये म्हणून मऊ भाग वेगळा काढून ॲसिडशिवाय प्रोसेस करायचा आणि कडक भागच डीकॅलला टाकायचा. ग्रॉसिंगच्या टेबलावर हे सुटलं तर पुढे कोणताही प्रोब ते भरून काढत नाही.