मागे १९ ऐवजी १६ इंची चाक: गिअरिंग बिघडेल का?

जुनी_सिंगल: जुन्या ५०० सीसी सिंगलची (एक सिलिंडरच्या मोटरसायकलची) बॉबर, म्हणजे जादा भाग काढलेली, जाड टायरची गाडी करतोय. मागे ३.२५-१९ टायर (रुंदी ३.२५ इंच, रिम १९ इंच) आहे, तिथे ५.००-१६ बसवायचाय. मूळ ड्रम-हब (ड्रम ब्रेक असलेला चाकाचा मधला भाग) मात्र ठेवायचाच. गाडी मागून खाली बसेल का?

आरेवाला: नाही बसणार. टायरची उंची रुंदीइतकी धरा, ती रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा मिळवा: १९ + ६.५ = २५.५ इंच, १६ + १० = २६. व्यास जवळपास तोच, म्हणून गिअरिंगही (इंजिनच्या फेऱ्यांमागे गाडी किती पुढे जाते ते) जवळपास तेच; स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) तेच राहू द्या. खरा प्रश्न रुंदीचा आहे. दोन्ही बाजूंना सुमारे २२ मिमी वाढतात आणि चेन तिथेच टायरला घासते. जागा करायला रिम एका बाजूला सरकवू नका, पुढच्या-मागच्या चाकांची रेघ सुटते. मला ते अजिबात पटत नाही.

जुनी_सिंगल: मग जागा कमी पडली तर?

आरेवाला: ४.५०-१६ घ्या. व्यास २५ इंच, गिअरिंग फक्त २ टक्के खाली येईल.

चेनलाइन: रिमच्या भोकांची संख्या हबइतकीच हवी. स्पोक (आरे) आखूड लागतील, जुने कापून वापरू नका. आणि मडगार्डचे स्टे (मडगार्ड धरणाऱ्या पट्ट्या) आधी मोजा, चाक अॅडजस्टरवर (चेन ताणायला चाक पुढे-मागे सरकवणाऱ्या भागावर) पुढे असताना आणि मागे असतानाही.